पांढरा रस्सा

रास्ता पेठ, पुणे
२१ मे २०२३

प्रिय शालोमदादा,

शालोम.

परवा सकाळी मी आईचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, स्कूटरवर पायांशी उभं धरलं आणि कसब्यात तांबट आळीत कल्हईला नेलं. दुकानदाराने ते उन्हात तिरकं करून आत पाहिलं. जुनी कल्हई वितळून बुडाशी गोळा झाली होती, वर तांबं काळंनिळं पडलं होतं.

"हे कोणी भाजलं हो? डांबर वितळवलंत काय?"

"पाहुण्यांनी."

"पाहुणे होते की दरोडेखोर?"

"परत येताहेत. ऑगस्टमध्ये."

त्याने पातेलं खाली ठेवलं. "मग कल्हई ते गेल्यावर करा ना!"

मी म्हटलं, नाही, आत्ताच करा, चांगली जाड करा. तो भाता मारत असताना मी ओट्यावर बसून राहिलो. नवसागराचा धूर उठला, कथिल फिरलं आणि भांडं आतून आरशासारखं झालं. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. फोनवर बोललो तर माझा आवाज चढेल. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तूही लिहूनच उत्तर दे. मराठी विसरला असशील तर पेझारीच्या शाळेतल्या मास्तरांचा रूळ आठव.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या सहलीच्या गटाला गेल्या वर्षीसारखाच आमचा पाचगणीचा बंगला हवा, तेच स्वयंपाकघर, तुमच्याकडच्या शाळांना सुट्टी असते त्या ऑगस्टात. आमचा मेचा मुक्काम नुकताच झाला. ठाणे, मुंबई, अलिबाग, पुणे, नेहमीची कुटुंबं. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, शनिवारी गाडी नाही म्हणून सगळे चालत टेबललँडवर. सगळं तसंच. फक्त शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या शरबतावर प्रार्थना म्हटल्यावर सगळ्यांनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आई नव्हती.

तुला हे कळवलं नव्हतं. गेल्या ऑगस्टात तुझा गट गेल्यावर आईने परत चुलीला हात लावला नाही. चाळीस वर्षं पाचगणीला शेकड्यांनी पानं वाढणारी बाई खुर्चीत बसून रतनला विचारायची, "सूनबाई, मीठ तू बघ. माझ्या जिभेचा भरवसा नाही." डिसेंबरात गेली, त्याच्या आदल्या दिवशीही माझा हात धरून तिने विचारलं, "पिन्या, खरं सांग. तिखट झालं होतं का रे?"

तू तिला तसंच सांगितलं होतंस ना? पाहुण्यांना रस्सा तिखट लागला, म्हणून ओतून दिला. मी तेव्हा वाईला पाव आणायला गेलो होतो. परत आलो तर रस्सा मोरीत, आणि तुमचा तो स्वयंपाकाचा धर्म, कोशर, तपासणारा तरुण अंगणात शुद्धीसाठी पातेल्यावर ब्लो-टॉर्च धरून उभा.

दादा, तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. पुढची बारा वर्षं तू तुझ्या यमुनाकाकूच्या, माझ्या आईच्या, हातचं जेवलास. म्हणून विचारतो, त्या शुक्रवारी नक्की काय झालं? मला सांग. आणि येशील तेव्हा दहा माणसं घेऊन पुण्याला तिच्या कबरीवर ये. काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घे. आपल्यात तशी रीत आहे.

तुझा
पिन्हास


अश्दोद
४ जून

प्रिय पिन्या,

शालोम! तुझं पत्र बायकोला दाखवलं. ती म्हणाली, हे अक्षर आहे की नक्षी? मी तीन दिवस घेऊन हे लिहितोय, चुका काढू नकोस.

काकूचं वाचून वाईट वाटलं. फार हळवी होती रे. अरे, काय झालं असणार? लोकांना तिखट लागलं, एवढंच. इकडच्या लोकांची जीभ लहान मुलाची. एकाला ठसका लागला, दुसऱ्याने नाक मुरडलं. मी म्हटलं, जाऊ दे, ओता. चाळीस माणसांचा गट सांभाळायचा म्हणजे काय असतं तुला ठाऊक नाही. टॉर्चचं म्हणशील तर ती त्या पोराची पद्धत. तो माझ्याही भांड्यांना लावतो.

कबरीवर नक्की आलो असतो, पण बस मुंबईहून थेट पाचगणीला जाते. पुण्यात थांबलो तर एक दिवस फुकट. पुढच्या वेळी बघू. तू माझ्या नावाने कबरीवर एक दगड ठेव, आपल्या रीतीप्रमाणे.

आता कामाचं. यंदाचा गट मोठ्या लोकांचा आहे. गेल्या वर्षीचा बारूख परत येतोय, तो आमच्या सिनेगॉगचा प्रमुख. त्याला आवडलं तर दर उन्हाळ्यात त्यांचे सगळे लोक माझ्याबरोबर. उन्हाने भाजलेली माणसं, त्यांना तुमचा पाऊस नि धुकं म्हणजे स्वर्ग. आणि कोशर स्वयंपाकघर अख्ख्या त्या डोंगरावर तुझ्याशिवाय कोणाकडे आहे? नाही म्हणू नकोस. तुझ्या दादासाठी एवढं कर.

तुझा
शालोम


रास्ता पेठ
६ जून

मिल्काताई,

सोबत दादाच्या पत्राचा फोटो आहे. आधी तो वाच, मग हे.

मी त्याला विचारलं ते उत्तर माहीत असूनच विचारलं. त्याच्यासाठी मला एक दार उघडं ठेवायचं होतं. त्याने ते लावून घेतलं.

तुला हे आजवर सांगितलं नाही, कारण तू सरळ अश्दोदला जाऊन उभी राहिली असतीस. फेब्रुवारीत त्याच्या त्या गटातलं एक म्हातारं जोडपं पुण्यात लाल देवळाचं सिनेगॉग बघायला आलं होतं. मी त्यांना चहाला घरी आणलं. भिंतीवर आईचा फोटो, त्याला हार. बाई हळहळल्या आणि मला समजावं म्हणून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "अरेरे, ही तर ती मोलकरीण! इतका मान देता तुम्ही तिला?"

रतनच्या हातात कपबश्या होत्या. ती म्हणाली, "ही ह्यांची आई." मग त्या म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याने सगळं सांगितलं.

त्या शुक्रवारी कोंबडीचा पांढरा रस्सा होता. आपला नेहमीचा, नारळाच्या दुधातला. बारूख नावाच्या माणसाने झाकण उचललं, पांढरं पाहिलं आणि ओरडला, मांसात दूध घातलंय! तपासणारा पोरगा धावला. सगळे दादाकडे बघायला लागले. त्याने एक शब्द बोलायचा होता. नारळ. ताई, दर शुक्रवारी पडवीत बसून तो नारळ खवायचा आणि पंच्यातून दूध पिळायचा. आई त्याला म्हणायची, "पिळ रे माझ्या वाघा, गाईम्हशीचं चालत नाही म्हणून देवाने आपल्याला माड दिलेत."

पण मोठ्या लोकांपुढे त्याला वाटलं असणार, आपल्या कोकणातल्या काकूची रीत समजावत बसलो तर आपणही तसलेच ठरू. तो म्हणाला, "ही कामाला ठेवलेली हिंदू बाई आहे. तिला आपला धर्म माहीत नाही. चूक झाली." यमुनाबाई हे नाव ऐकून त्यांना ते पटलंही असेल. मोलकरीण असण्यात कमीपणा नाही, हिंदू असण्यात तर नाहीच. आईची अर्धी हयात शेजारच्या वेणूबाईच्या ओट्यावर गेली. पण जी बाई शुक्रवारचा दिवा लावल्याशिवाय आयुष्यात एकदाही जेवली नाही, तिला त्याने तिच्याच मेजावरून, तिच्याच लोकांतून बाहेर काढलं. आणि तिच्याकडे वळून, हे आईनेच मला सांगितलं होतं, मराठीत म्हणाला, "काकू, जरा तिखट झालं."

ती त्या रश्श्यात मिरची घालतच नसे.

आपल्या हाताची चव गेली असं समजून ती मेली, ताई. मी रोज सकाळी प्रार्थना म्हणतो, आणि 'क्षमा कर' या शब्दांवर आलो की जीभ अडते. देव हे बघतोय, मला ठाऊक आहे. बघू दे.

मी त्याला स्वयंपाकघर देणार आहे. रस्साही तोच होईल. दादा बारूखच्या पुढ्यात बसेल, आणि जे त्याने तेव्हा सांगितलं नाही ते ह्या वेळी त्याच्याच तोंडून वदवून घेईन. मला हिब्रू येत नाही आणि त्याच्याशिवाय कोणाला मराठी येत नाही, तेव्हा तो मध्येच फिरवाफिरवी करेल, हेही धरलंय. म्हणून त्याच्या शीराला बोलावतोय, तिला दोन्ही भाषा येतात.

पोरीला बापाविरुद्ध उभं करणं बरं नव्हे, हे मला कळतं. तरीही विचारतो, करू का?

पिन्हास


ठाणे
९ जून

पिन्हास,

करू का हे मला विचारू नकोस. नारळ किती आणू ते विचार. पेझारीच्या आपल्या माडांचे आणीन, बाजारचे नकोत.

आणि शीरा मराठी शिकली ती दर शुक्रवारी फोनवर आपल्या आईशी बोलूनच. गेल्या वर्षी ती सैन्यात होती, नाहीतर तेव्हाच बापाचा कान धरला असता तिने. तिला कळण्याचा हक्क आहे. तुला बरं वाटो न वाटो.

मिल्का


रास्ता पेठ
१८ जून

प्रिय शालोमदादा,

शालोम. तुझं पत्र वाचून मन हलकं झालं. तिखटच लागलं होतं तर. बरं झालं विचारलं.

स्वयंपाकघर तुझं. तुमचा तपासणारा तरुण आधी येऊन चूल पेटवो, भांडी पाहो, कोंबड्याही त्याच्या डोळ्यांदेखत कापून घेऊ. आईच्या पातेल्याला नवी कल्हई आहे, त्याने परत टॉर्च लावला तर कसब्यातला दुकानदार त्याला शोधत येईल एवढं सांग.

माझं फक्त तीन गोष्टींचं मागणं आहे. शीराला आण. तिच्या आजीचं घर तिने पाहावं. दुसरं, शुक्रवारी दुपारी नारळ तू पिळायचेस. आपल्या लहानपणासारखे, सगळ्यांसमोर अंगणात. लोकांना असलं फार आवडतं, फोटो काढतील. आणि तिसरं, जेवताना मी यजमान म्हणून चार वाक्यं बोलेन, ती तू हिब्रूत सांगायचीस.

जमेल ना?

तुझा
पिन्हास


अश्दोद
२५ जून

पिन्या, जमेल म्हणजे काय! नारळाची कल्पना झकास. शीरा तर नाचतेय, महिनाभर पुण्यात राहीन म्हणते. मला वाटलं होतं तू काकूवरून काहीतरी मनात धरून बसलायस. तू लहानपणापासून असाच सरळ. चार वाक्यं बोल, चाळीस बोल, सांगतो मी.

शालोम


अश्दोद
२० ऑगस्ट

पिन्हास,

किती महिने हे शिजवत होतास?

मी अंगणात मांडी घालून बसलो, वेड्यासारखा हसत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. बारूखने स्वतः पंच्याचं एक टोक धरलं, बोट बुडवून चाटून बघितलं आणि म्हणाला, "हे काय, लोण्यासारखं आहे!" तपासणाऱ्या पोराने व्हिडिओ केला. ते दूध मी माझ्या हाताने काकूच्या पातेल्यात ओतलं. तू बाजूला उभा राहून मला हात पुसायचं फडकं देत होतास. फडकं!

मग दिवे लागले, शरबत झालं, रस्सा वाढला, बारूखने दोनदा घेतला. आणि तू उठलास.

"हे दूध आज माझ्या भावाने पिळलं." सांगितलं मी. "गाईम्हशीचा एक थेंब यात नाही." तेही सांगितलं. लोक वा वा म्हणत होते. मग तू म्हणालास, "गेल्या वर्षी जो रस्सा ओतून दिला, तो हाच होता." मी म्हणालो, यजमान म्हणतात, पोटभर जेवा. तू थांबला नाहीस. "तो करणारी बाई मोलकरीण नव्हती. ती माझी आई, हिची आजी, आणि ह्या माणसाला चार वर्षांचा असल्यापासून वाढवणारी काकू. ह्याला सगळं ठाऊक होतं." मी म्हणालो, सगळ्यांना शब्बाथ शालोम.

आणि शीरा उठून उभी राहिली. "अब्बा, काका असं नाही म्हणाले."

तिने एकेक शब्द सांगितला. मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होती, मी कुठेतरी 'खोटं आहे' म्हणेन म्हणून. बारूखने चमचा खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले, हेच वाईट. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि सूर्य बुडालेला, म्हणजे शब्बाथ लागलेला, शनिवारी तारे दिसेपर्यंत गाडी नाही. मी गाडीत बसून निघूनही जाऊ शकत नव्हतो. दुसरा अख्खा दिवस त्याच लोकांबरोबर त्याच डोंगरावर, त्या धुक्यात. मी ज्या बाकावर जाऊन बसे त्यावरचे लोक उठत. तू हा मुहूर्त साधलास. शब्बाथचा! तू देवभक्त म्हणवतोस!

बारूख पुढच्या वर्षी येणार नाही. कोणीच येणार नाही. मुलगी माझा फोन घेत नाही. माझं चुकलं असेल, मी घाबरलो होतो. इकडे आलो तेव्हा पोरं मला विचारायची, तू खरा ज्यू आहेस का? तुला नाही कळणार ते. पण तू माझ्या पोरीचा सुरा केलास.

आपलं नवं वर्ष तोंडावर आलंय, त्याआधी माफी मागायची-द्यायची असते. माफ कर आणि तिला सांग, मला फोन करायला.

शालोम


रास्ता पेठ, पुणे
१२ सप्टेंबर

शालोम,

तुझं पत्र परत परत वाचलं. उशीर केला तो मुद्दाम नाही, शीरा इथे होती. ती काल पोचली असेल.

तू विचारतोस त्यांची उत्तरं देतो. किती महिने शिजवत होतो? फेब्रुवारीपासून. शब्बाथचा मुहूर्त मुद्दाम साधला का? हो. तू इतर कुठल्याही दिवशी उठून गेला असतास आणि मुंबईला पोचेपर्यंत एक नवी गोष्ट रचली असतीस. तुला त्या मेजावर बसवून ठेवेल अशी ताकद माझ्यात नव्हती, शब्बाथमध्ये होती. शीराचा सुरा केला का? केला. मला त्याची लाज वाटते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. दोन्ही खरं आहे.

तू घाबरला होतास हे मी मानतो. तुला विचारलं, तू खरा ज्यू का, तेव्हा तुझ्या काळजाला काय झालं असेल ते मला कळतं. पण तेच काळीज घेऊन तू पाचगणीला आलास आणि आईला त्याच दारातून बाहेर ढकललंस. तिला तर उत्तर द्यायची संधीही नव्हती. तिला भाषाच कळत नव्हती.

तू शनिवारी रात्री तारे दिसताच टॅक्सी करून निघून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. रविवारी बस मुंबईला न जाता पुण्याला आली. बारूखनेच ड्रायव्हरला सांगितलं. भर पावसात ते लोक कबरस्तानात उतरले, चिखलात चपला रुतल्या. आपली रीत त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती. मेलेल्या माणसाचा अपराध केला तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं. बारूखने सांगितलं. तो झाकण उचलणारा हात पुढे करून रडला. शीराने मला त्याचं मराठी करून सांगितलं. तिथे दहाहून जास्त पुरुष होते. तू नव्हतास.

रतन माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "परक्याने रडून घेतलं. आता घरच्याची वाट बघा." मिल्काताई म्हणाली, "बघा, बघा. माडाला दाढी येईपर्यंत बघा."

मला वाटलं होतं, एवढं झालं की मी शांत होईन. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेत त्याच शब्दांवर जीभ परत अडली. मग कळलं, मला तुला लोकांसमोर उघडं पाडायचं नव्हतंच मुळी. ते लोक विसरतील. आई जे घेऊन मेली, ते मला तुझ्या हवाली करायचं होतं.

तू माफी मागितलीस. ती माझ्याकडे नाही. जिच्याकडे आहे तिचा पत्ता तुला दिलाय. दहा माणसं गोळा कर. अश्दोदमधून मिळाली नाहीत तर इथे ये, रास्ता पेठेत मी उभी करून देईन, दहावा मी होईन. तोवर मला दादा म्हणायला सांगू नकोस.

शीरा महिनाभर आमच्याकडे राहिली. रोज रतनच्या शेजारी उभी राहून शिकली. खवणीवर बोटं कापून घेतली, तरी पंच्यातून पिळायचं सोडलं नाही. जायच्या आधी मला म्हणाली, "काका, आजीचं पातेलं मला द्याल?" मी रात्रभर विचार केला. आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. सकाळी उठून ते पुन्हा तांबट आळीत नेलं, कानाला एक नवा रिव्हेट मारून घेतला. दुकानदार म्हणाला, "आता कुठे चाललं?"

"ज्यांनी भाजलं त्यांच्या घरी."

"मग झाकण विसरू नका," तो म्हणाला. "त्यांना उघडून बघायची खोड आहे."

तेव्हा पातेलं आता तुझ्या घरात आहे. शीरा तुझ्याशी बोलेल, त्याची काळजी करू नकोस. मी तिला सांगितलंय की बापाशी अबोला धरायचा नाही, आजीला ते चाललं नसतं. दर शुक्रवारी ती त्यात पांढरा रस्सा करेल. नारळ तुला पिळावे लागतील. मिरची एकही पडणार नाही. तू बसशील, ती वाढेल, आणि तू पहिला घास घेतलास की ती तुला एक प्रश्न विचारेल. दर शुक्रवारी, न चुकता. तसं तिच्याकडून वचन घेतलंय. काल विमानतळावर तिला पोचवताना पुन्हा आठवण केली आणि शब्द तिच्याकडून आईच्या सुरात म्हणून घेतले.

"खरं सांगा, तिखट झालंय का?"

पिन्हास पेझारकर